नील स्टीव्हन्सनच्या हजारपानी कादंबऱ्या : तुम्ही शेवटपर्यंत वाचता का?

घाटवाट (धागाकर्ता) | शनिवार, रात्री १०:१२

गेल्या रविवारी अमेरिकन कादंबरीकार नील स्टीव्हन्सनची 'क्रिप्टोनॉमिकॉन' दुसऱ्यांदा वाचून संपवली. पहिल्यांदा वाचली तेव्हा पंचविशीत होतो, आता पंचेचाळिशी ओलांडली आहे. नऊशेच्या वर पानं आहेत. माझं रोज पुणे-मुंबई जाणं-येणं असतं आणि उभ्याने प्रवास करायची वेळ आली की ते धूड एका हातात पेलत नाही. म्हणून यंदा अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बाइंडरकडे नेऊन पुस्तकाचे तीन भाग करून घेतले. कापू का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग नीट फर्म्याच्या शिवणीवर कापून तिन्ही भागांना हिरवं रेक्झिन लावून दिलं. आता एकेक भाग डब्याच्या पिशवीत बसतो.

धागा काढण्याचं कारण असं की या लेखकाबद्दल बोलायला गेलं की ओळखीतल्या वाचकांचे सरळ दोन तट पडतात. एक म्हणतात, त्याला कुणीतरी सक्त संपादक द्यायला हवा होता, चारशे पानं सहज उडाली असती. दुसरे म्हणतात, तीच चारशे पानं तर वाचायची असतात. मी दुसऱ्या तटातला, आणि का ते नीट सांगायचं आहे.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९९९ची कादंबरी. एक धागा दुसऱ्या महायुद्धातला, ब्रिटनमधलं ब्लेचली पार्क हे संकेत फोडण्याचं केंद्र, जर्मनांचं एनिग्मा हे संकेतयंत्र, फिलिपीन्समधलं जपानी सैन्य, पुरलेलं सोनं. दुसरा १९९०च्या दशकातला, त्याच माणसांची नातवंडं समुद्राखालच्या केबली टाकतायत आणि माहिती सुरक्षित ठेवायची जागा उभारू पाहतायत. यात गणितज्ञ ॲलन ट्युरिंग एक पात्र आहे. त्याची सायकल आहे, आणि त्या सायकलची चेन ठरावीक फेऱ्यांनंतर पडते. कुणीही लेखक हे एका वाक्यात सांगून पुढे गेला असता. स्टीव्हन्सन थांबतो. वाकडा आरा, कच्ची कडी, दोन्ही एकमेकांसमोर कधी येतील याचं गणित मांडतो, सूत्रं लिहितो. पान-दीड पान वाचल्यावर कळतं की सायकलचं निमित्त करून त्याने एनिग्माची चाकं समजावून दिली. पुढे पन्नास पानांनी कुणी म्हणतं की आज संकेत फुटला, तेव्हा फुटला म्हणजे नेमकं काय झालं ते आपल्याला माहीत असतं. ते पान उडवलं तर पुढचा आनंद नुसता ऐकीव राहतो.

बाकीच्यांची मतं वाचायची आहेत. कुठली वाचली, कुठली सोडली, कुठे सोडली. 'स्नो क्रॅश' (१९९२), 'डायमंड एज' (१९९५), बरोक त्रयी (२००३-०४), 'अनॅथम' (२००८), 'रीमडी' (२०११), 'सेव्हनईव्ह्ज' (२०१५), कशावरही लिहा. कृपया रहस्यभेद करणार असाल तर आधी सांगा.


कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ११:०५

मी दोनदा सोडली. बरोक त्रयीतली पहिली 'क्विकसिल्व्हर' अर्ध्याच्या पुढे गेल्यावर आणि 'अनॅथम' साठेक पानांवर. तेव्हा पहिल्या तटातली एक मी, असं समजा.

मला विषयाचं वावडं नाही. न्यूटन, लाइबनिट्स, रॉयल सोसायटी, लंडनचा प्लेग, सगळं आवडीचं. पण 'क्विकसिल्व्हर'मध्ये मला सतत असं वाटत राहिलं की लेखकाने जे जे वाचलं ते सगळं मला ऐकवायचं ठरवलंय. माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांना माहिती देतात. डॅनियल वॉटरहाउस जहाजाच्या डेकवर उभा आहे आणि मला जहाजाची प्रत्येक दोरी कळते. त्याच्या मनात काय चाललंय ते मात्र मी अंदाजाने भरून काढायचं. एलायझाची सांकेतिक पत्रं आली तेव्हा जरा जीव आला होता, पण त्यातही अर्धी जागा कर्जरोखे आणि बाजारभाव यांनी खाल्ली.

घाटवाट, तुमचं सायकलचं उदाहरण पटलं, कारण तिथे पुढे त्याचा उपयोग होतो. पण त्याच कादंबरीत नातू रँडी दुधात कॅप्टन क्रंच नावाचे नाश्त्याचे दाणे कसे खातो यावर केवढा मजकूर आहे! दूध किती गार हवं, दाणा कसा चावायचा. त्याचा पुढे काय उपयोग? वाचकाचा वेळ ही काही फुकटची गोष्ट नाही. नोकरी, घर, सासूबाईंचं दुखणं यातून रात्री अर्धा तास मिळतो मला.


ओलीसुकी | शनिवार, रात्री ११:२०

कृष्णाकाठताईंना अनुमोदन. 'रीमडी' हजारावर पानांची आहे आणि त्यातला पाठलाग संपता संपत नाही. तरी शेवटची शंभर पानं मी एका बैठकीत वाचली, हेही खरंच.


खडूफळा | रविवार, सकाळी ७:४८

मी शाळेत गणित शिकवतो. सायकलचं ते पान मी आठवीच्या वर्गात वापरतो, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहितो.

मुलांना लसावि शिकवला की पहिला प्रश्न येतो, सर, याचा उपयोग काय? मी वर्गात माझी सायकल आणतो, स्टँडवर लावतो, मागच्या चाकाच्या एका आऱ्याला लाल रिबीन आणि चेनच्या एका कडीला पांढरा रंग. समजा चाकाच्या दातेरी चकतीला २० दात आणि चेनला १०० कड्या. चाक एकदा फिरलं की २० कड्या पुढे. पाच फेऱ्यांत चेन पहिल्या जागी. म्हणजे रिबीन आणि पांढरी कडी एकतर दर पाच फेऱ्यांनी गाठ घेणार, नाहीतर जन्मात कधीच नाही. आता चेनला एक कडी जास्त, १०१. २० आणि १०१ यांचा लसावि २०२०. म्हणजे १०१ फेऱ्यांनी एकदा गाठ पडणार, पण पडणार नक्की. एका कडीने एवढा फरक पडतो हे बघून मुलं गप्प होतात. मग मी एनिग्मावर येतो: २६ अक्षरांची तीन चाकं, एक फिरलं की ठरावीक वेळाने दुसरं सरकतं, आणि मांडण्या होतात १७,५७६.

प्रत्यक्ष सायकलवर दात आणि कड्या मोजायला लावल्या तर मुलं दोन दोनदा मोजतात. यातली निम्मी मुलं गणितात नापास होणारी असतात.

कृष्णाकाठ, कॅप्टन क्रंचबद्दल माझं मत वेगळं आहे. रँडी हा एकटा माणूस आहे, प्रत्येक गोष्टीची पद्धत बसवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्याच्या आजोबांनी ज्या डोक्याने संकेत फोडले त्याच डोक्याने हा रात्री एकटा बसून नाश्त्याचे दाणे खातो. मनात काय चाललंय असं तुम्ही विचारलंत ना, ते तिथे आहे. त्याने ते भावनेच्या शब्दांत लिहिलेलं नाही, एवढंच.


बदामसात | रविवार, सकाळी ९:३०

'क्रिप्टोनॉमिकॉन'च्या परिशिष्टाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? त्यात पत्त्यांच्या कॅटने संदेश सांकेतिक करायची पद्धत दिली आहे. ब्रूस श्नायर या संकेतशास्त्रज्ञाने ती खास या कादंबरीसाठी तयार केली. तुरुंगात किंवा परक्या देशात संगणकाशिवाय अडकलेल्या माणसाला नुसत्या पत्त्यांनी गुप्त निरोप पाठवता यावा, ही कल्पना.

गेल्या मे महिन्यात सुट्टीत मी आणि माझी भाची हे करून बघायला बसलो. दोन जोकर धरून ५४ पानं. आधी दोघांच्या कॅटमधली पानं हुबेहूब एकाच क्रमाने लावायची, तो क्रम म्हणजेच किल्ली. मग प्रत्येक अक्षरासाठी: पहिला जोकर एक घर खाली, दुसरा दोन घरं खाली, दोन जोकरांच्या वरची आणि खालची थप्पी आलटून पालटून ठेवायची, शेवटच्या पानाच्या किमतीएवढी पानं मोजून पुन्हा काटायचं, आणि मग वरच्या पानाएवढं मोजून जे पान येईल तो आकडा. एवढं केल्यावर एक अक्षर होतं. आम्ही रोमन लिपीत 'उद्या मामाकडे आंबे' असा निरोप लिहिला. ती माजघरात, मी ओटीवर. तासभर लागला. तिने उलगडला तेव्हा पहिली सात अक्षरं बरोबर आणि पुढे सगळा चिवडा. तिच्याकडून एकदा जोकर दोनऐवजी एकच घर सरकला होता. एक चूक झाली की मागे फिरता येत नाही, हे मला त्या दिवशी हाताने कळलं. पुन्हा सगळी पानं लावून बसलो, जेवायला हाका येत होत्या तरी उठलो नाही.

मी तरी दुसरी कुठली कादंबरी अशी जमिनीवर मांडी घालून वाचलेली नाही.


शिलेदार | रविवार, दुपारी १:१५

बरोक त्रयीवर लिहितो. तिन्ही पुस्तकं मिळून अडीच हजारांहून जास्त पानं, आणि त्याने ती सगळी फाउंटन पेनने हाताने लिहिली. 'क्विकसिल्व्हर'ला विज्ञानकथांसाठीचं २००४चं आर्थर सी. क्लार्क पारितोषिक मिळालं. अनेकांना प्रश्न पडतो की ही विज्ञानकथा कशी, सगळी तर सतराव्या-अठराव्या शतकातली ऐतिहासिक कादंबरी आहे. माझं उत्तर असं की विज्ञानच ज्या काळात जन्माला येतंय त्या काळाबद्दल ती आहे, आणि त्याच्याच जोडीने पैसाही. न्यूटन १६९६ साली लंडनच्या टांकसाळीत वॉर्डन म्हणून गेला, हे आपण चरित्रात एका ओळीत वाचतो. इथे त्या एका ओळीतून अख्खी कादंबरी निघते. नाणं खरं कशाने ठरतं, कागदावर लिहिलेल्या वचनावर जहाज कसं भरतं.

आपल्याकडच्या वाचकांनी दुसरा भाग, 'द कन्फ्यूजन', जरूर वाचावा. (थोडा रहस्यभेद, नको असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.)

जॅक शाफ्टो हा लंडनचा भटक्या भारतात येऊन पोचतो. काळ १६९०च्या पुढचा. अहमदाबादेत त्याला पांजरपोळात काम मिळतं, तिथल्या किड्यांना स्वतःचं रक्त पाजायचं. पाश्चात्य प्रवाशांनी गुजरातेतल्या पांजरपोळांची वर्णनं लिहून ठेवली आहेत, त्यातून हे आलेलं. पुढे सुरतेहून दिल्लीकडे जाणारी वाट मराठ्यांच्या धास्तीने बंद पडलेली, आणि जॅक मुघलांच्या बाजूने तांडा घेऊन निघतो तेव्हा फॉस्फरसच्या उजेडाने मराठ्यांना बुजवून वाट काढतो. फॉस्फरस १६६९ साली हॅम्बुर्गमध्ये माणसाच्या मुतापासून निघाला, आणि कादंबरीत हा धागा फार आधीपासून विणत आणलेला आहे. ते वाचताना मजा येते.

पण मला ते लागलंही. हा तोच काळ आहे जेव्हा राजाराम महाराज जिंजीत होते, संताजी आणि धनाजी मुघल फौजांना सळो की पळो करून सोडत होते, आणि औरंगजेबाचा खजिना दख्खनमध्ये रिकामा होत होता. ज्या लेखकाला पैशाचा प्रवाह एवढा कळतो, त्याला ही केवढी खाण होती! सैन्याचा पगार कुठून येतो, वतनं कशी वाटली जातात, एक बादशाही पंचवीस वर्षं एका मोहिमेत कशी झिजते. त्याच्या त्रयीचा विषयच हा आहे. आणि नेमके मराठे त्यात येतात ते वाट अडवणारे म्हणून. ॲमस्टरडॅमच्या बाजाराला तो पन्नास पानं देतो, इथे दहा दिली असती तरी चाललं असतं. त्याची कादंबरी मला लांब वाटली नाही. या एका जागी आखूड वाटली.


घाटवाट | रविवार, दुपारी २:०२

शिलेदार, हे मी या नजरेने कधीच वाचलं नव्हतं. 'द कन्फ्यूजन' परत काढतो.


मुक्काम_सिएटल | रविवार, रात्री ८:४०

इथे आमच्या गावातच तो राहतो. 'स्नो क्रॅश' आमच्या ऑफिसात जवळजवळ प्रत्येकाने वाचलेली असते. साडेचारशे-पाचशे पानांची, वेगवान, पिझ्झा पोचवणारा नायक, सुमेरियन भाषा, आणि मेटाव्हर्स, म्हणजे संगणकातलं आभासी जग. हा शब्द त्यानेच १९९२ साली या कादंबरीत आणला. २०२१ साली एका बलाढ्य कंपनीने त्यावरून स्वतःचं नाव बदललं तेव्हा पुस्तक पुन्हा दुकानांच्या दर्शनी फळीवर आलं. 'अवतार' हा आपला शब्द संगणकातल्या माणसाच्या रूपासाठी जगभर रुळला त्यातही या पुस्तकाचा वाटा मोठा.

माझी तक्रार वाचकांबद्दल आहे. 'स्नो क्रॅश' आवडली म्हणून लोक 'अनॅथम' उचलतात आणि त्याच वेगाची अपेक्षा ठेवतात. मग चिडतात. लेखक मधल्या काळात वेगळा झाला. भौतिकशास्त्रज्ञ आजोबा, वडील विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक, स्वतः भूगोलाची पदवी, त्यानंतर काही वर्षं रॉकेट बनवणाऱ्या ब्लू ओरिजिनमध्ये अर्धवेळ काम. या माणसाला यंत्र कसं चालतं हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सुरुवात कुठून करावी असं मला कुणी विचारलं तर मी कादंबरी सांगतच नाही. १९९६ साली 'वायर्ड' मासिकात त्याचा समुद्राखालच्या केबलवरचा लेख आला होता. ब्रिटनपासून जपानपर्यंत जाणारी फ्लॅग नावाची केबल, जी मुंबईलाही लागते, ती टाकली जात असताना हा तिच्या मागे मागे थायलंड, इजिप्त, हाँगकाँग असा हिंडला. लेख लहान पुस्तकाएवढा आहे. तो संपेपर्यंत वाचलात तर कादंबऱ्या तुमच्यासाठी आहेत. कंटाळलात तर सरळ सोडून द्या, त्यात कमीपणा काही नाही.


तारायंत्र | रविवार, रात्री १०:१७

मी 'सेव्हनईव्ह्ज'बद्दल लिहिणार आहे. सुरुवातीचा भाग तर पाठीमागच्या मजकुरातच सांगितलेला असतो, तेव्हा रहस्यभेद नाही.

पहिल्याच ओळीत चंद्र फुटतो. का, ते सांगितलेलंच नाही. सात तुकडे. लोक आधी मजेने बघतात, तुकड्यांना नावं ठेवतात. मग दोन तुकडे एकमेकांवर आदळून आठ होतात आणि एक शास्त्रज्ञ गणित मांडतो: टकरा वाढत जाणार, तुकडे वाढत जाणार, आणि साधारण दोन वर्षांत पृथ्वीवर दगडांचा पाऊस सुरू होणार, तो हजारो वर्षं थांबणार नाही. त्या दोन वर्षांत अवकाश स्थानकाभोवती जेवढी माणसं जगवता येतील तेवढी जगवायची. कक्षा, वेग, इंधन यांचा इतका हिशोब आहे की मी एक वही घेऊन बसले होते.

कृष्णाकाठ, तुम्ही म्हणता त्याची माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. यातली डायना वर स्थानकात रोबो सांभाळते आणि तिचे वडील अलास्कात खाणीत काम करतात. दोघं बोलतात मोर्स संकेताने. बाकी सगळी साधनं असताना बाप-लेक टिकटिक करून बोलतात, कारण लहानपणापासून ती त्यांची भाषा. आणि दोघांनाही ठाऊक असतं की काही महिन्यांनी हे थांबणार.

माझे वडील तारखात्यात होते. कड-कट्ट, कड-कट्ट हा आवाज मी पाळण्यात असल्यापासून ऐकला. घरी जेवताना सुद्धा त्यांची बोटं ताटाच्या कडेवर वाजायची. मला आणि भावाला त्यांनी सगळी मुळाक्षरं शिकवली होती. आई कुणा पाहुण्यासमोर काही जास्तीचं बोलायला लागली की बाबा पाटावर बोटाने 'पुरे' वाजवायचे आणि आम्ही हसायचो. २०१३च्या जुलैत सरकारने तारसेवा बंद केली. त्या दिवशी रांगा लागल्या होत्या शेवटची तार करायला. बाबा आजारी होते. मी त्यांच्या नावाने घरच्याच पत्त्यावर तार केली, ती दुसऱ्या दिवशी आली, त्यांनी चष्मा लावून वाचली आणि उशीखाली ठेवली.

तर डायनाच्या वडिलांचा शेवटचा निरोप येतो ते पान. तिथे एकही विशेषण नाही. कुणी रडतंय असंही नाही. निरोप आहे आणि पुढे कामाला लागणं आहे. मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. आधीची शंभर पानं नुसती कक्षांची गणितं वाचलेली होती. त्यामुळे त्या दोघांमधलं अंतर किलोमीटरमध्ये मला ठाऊक होतं.

तिसरा भाग, पाच हजार वर्षांनंतरचा, मात्र मलाही जड गेला. तिथे वर्णन फार आणि माणसं नवी. ते वेगळं पुस्तक व्हायला हवं होतं.


कृष्णाकाठ | रविवार, रात्री १०:५०

तारायंत्र, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'सेव्हनईव्ह्ज' यादीत टाकली.


पाणकळा | सोमवार, सकाळी ६:२५

आम्ही शेतकरी माणसं. बुलढाण्याकडं आमची सोयाबीन-तूर. मुलानं फोनवर 'टर्मिनेशन शॉक' टाकून दिली, ती इंग्रजीतून हळूहळू वाचली, चार महिने लागले. २०२१ची आहे.

सुरुवातच रानडुकरांनी होते. टेक्सासात विमानतळाच्या धावपट्टीवर डुकरांचा कळप येतो आणि विमान आदळतं. एक माणूस आहे, रूफस, त्याच्या लेकराचा डुकरानं जीव घेतला, तेव्हापासून तो रात्री डुकरं मारत फिरतो. मी म्हटलं, हा लेखक आमच्या शिवारात येऊन गेला काय! जागलीला बसलेल्या माणसाला डुकराचा पहिला आवाज कसा येतो, पीक कसं आडवं होतं, हे ज्याला माहीत त्यानंच ती पानं वाचावी. लोक म्हणतात डुकरांवर इतकं कशाला लिहिलं. मला तर वाटलं अजून लिहायला पाहिजे होतं.

मूळ गोष्ट ही की एक अब्जाधीश स्वतःच्या मनानं आभाळात गंधक उडवायला लागतो, धरती थंड करायला. १९९१ला फिलिपीन्समध्ये पिनाटुबो ज्वालामुखी फुटला तेव्हा गंधकाच्या धुरानं जगाचं तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास खाली आलं होतं, त्याच्यावर हे बेतलेलं. पण एकाचं ऊन कमी झालं की दुसऱ्याच्या पावसाचं काय? पंजाबचा मान्सून बिघडला तर? कॅनडातला एक शीख पोरगा आहे, लॅक्स नावाचा, तो चीनच्या सीमेवर लाठी घेऊन उभा राहतो, त्याची गोष्ट या पावसाशी येऊन मिळते.

ढगावर कुणाचा हक्क, हा आमच्याकडं रोजचा सवाल आहे. पलीकडच्या तालुक्यात विमानानं पाऊस पाडायचा प्रयोग झाला म्हणून आमचे ढग गेले, असं म्हणणारे लोक गावात आहेत. ते खरं का खोटं ते सोडा. पण दूरच्या कुणीतरी बटण दाबलं आणि आपलं रोप वाळलं, ही भीती त्यानं बरोबर धरली. फक्त एक, पंजाब दिसतो तो राजकारणातून आणि लढाईतून. पेरणी मोडलेला माणूस बांधावर बसलेला एकदा तरी दाखवायला हवा होता. नेदरलँड्सची राणी दिसते, अब्जाधीश दिसतो, तो मात्र दिसत नाही.


ओलीसुकी | सोमवार, सकाळी ९:१०

पाणकळा दादा, या धाग्यातला सगळ्यात नेमका आक्षेप तुमचा.


शब्दवेल्हाळ | सोमवार, दुपारी ४:३३

'अनॅथम' कुणी घेतली नाही म्हणून मी घेते. तीच माझी सर्वांत आवडती, आणि तिचं पहिलं प्रकरण मराठीत आणायचा प्रयत्न मी गेले वर्षभर करतेय. पूर्णपणे स्वतःसाठी.

आर्ब नावाच्या ग्रहावर विचारवंत लोक तटबंदीच्या आत राहतात. बाहेरच्या जगाशी संबंध नाही, यंत्रं नाहीत, अंगावरचं वस्त्र आणि दोन-तीन गोष्टी एवढीच मालमत्ता. काहींचं दार वर्षाने उघडतं, काहींचं दहा वर्षांनी, काहींचं शंभर, काहींचं हजार वर्षांनी. मध्यभागी एक प्रचंड घड्याळ, त्याला रोज माणसांनी चावी द्यायची. दहा हजार वर्षं चालेल असं घड्याळ बांधायचा एक खरा प्रकल्प अमेरिकेत चालू आहे, त्यातून त्याला ही कल्पना सुचली.

आता गंमत बघा. या तटबंदीतल्या वस्तीला तो जो शब्द वापरतो तो इंग्रजीत गणिताचा तोडलेला शब्द आहे, मॅथ. इंग्रजी वाचकाला तो चमत्कारिक वाटतो, गणित म्हणजे राहायची जागा कशी? मराठी माणसाने तो वाचला की डोळ्यांसमोर येतो मठ! अर्थही तोच, संसार सोडलेल्यांची वस्ती. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. इंग्रजी वाचकाला जिथे ठेच लागते तिथे आपल्याला सरळ पायरी आहे. तसंच थोर विचारवंतांना त्याच्या जगात सॉन्ट म्हणतात. 'सॅव्हंट' म्हणजे विद्वान, तो शब्द झिजून झालेला. मी मराठीत 'संत' लिहून बघितलं. वाक्य एकदम बसलं, पण बसलं म्हणूनच काढून टाकलं. कारण आपला संत विठ्ठलासमोर उभा असतो आणि त्याचा सॉन्ट भूमितीसमोर. शेवटी 'सॉन्ट'च ठेवलं. मठ मात्र मठच.

पहिल्या शंभर पानांत शब्द अडतात हे खरं. मागे शब्दसूची आहे, पण मी सांगेन की ती बघू नका. नव्या गावात सून म्हणून आलेली बाई महिनाभर शब्द ऐकत राहते, पाट्याला इथे काय म्हणतात, परसाला काय, आणि एक दिवस तिच्याही तोंडी ते येतात. तसं वाचायचं.

परिशिष्टात चौरस केक कापायचा एक पाठ आहे. चार जणांना पुरणारा चौरस केक आहे, आठ जणांना पुरेल असा चौरस कसा काढाल? बाजू दुप्पट केली की क्षेत्र चौपट होतं, सगळे तिथे फसतात. उत्तर कर्णावर आहे. ग्रीकांकडे हा पाठ प्लेटोच्या संवादात येतो, आणि आपल्या बौधायन शुल्बसूत्रात तोच दोरीच्या भाषेत आहे: चौरसाच्या कर्णाएवढी दोरी दुप्पट भूमी देते. वेदी बांधणाऱ्या माणसाने जमिनीवर खुंट्या ठोकून जे केलं, ते या परग्रहावरच्या मठातला मुलगा सुरीने करतो. कादंबरीचं म्हणणंच हे आहे की असं सत्य कुणाच्या मालकीचं नसतं, कुठल्याही जगात कुणी शोधलं तरी तेच सापडतं. हे म्हणणं मला एका परिच्छेदात कुणी सांगितलं असतं तर मी मान डोलावून विसरले असते. नऊशे पानं त्या मठात राहिले म्हणून ते माझं झालं.

आणि शिक्षा! चुकलेल्या शिष्याला एका ग्रंथातली प्रकरणं पाठ करायला देतात. ग्रंथ मुद्दाम चुकीचा आणि निरर्थक लिहिलेला, जसजसं पुढे जावं तसतसा अधिक. तर्काला सरावलेल्या डोक्याला याहून मोठा दंड नाही. हे प्रकरण भाषांतरित करताना मला जेवढा त्रास झाला तेवढा कुठेच झाला नाही. अर्थ नसलेलं वाक्य दुसऱ्या भाषेत न्यायचं कसं? तीन मसुदे केले, तिन्हींत नकळत अर्थ शिरला.


खडूफळा | सोमवार, सायंकाळी ६:१२

शब्दवेल्हाळ, शुल्बसूत्राचा हा दुवा उद्या वर्गात सुतळी आणि चार खिळे घेऊन करतो. मैदान ओलं आहे, खिळे छान बसतील.


मुक्काम_सिएटल | सोमवार, रात्री ९:००

शेवटांबद्दल कुणीच बोललं नाही. तो कादंबरी संपवत नाही, थांबवतो, ही जुनी तक्रार आहे. 'डायमंड एज'ला विज्ञानकथांचं ह्यूगो पारितोषिक मिळालं १९९६ साली, आणि तिचा शेवट आजही मला दरवाजा आपटल्यासारखा वाटतो. तिची नायिका नेल आणि नेलचं ते शिकवणारं पुस्तक यात मी इतका गुंतलो होतो की अजून वीस पानं हवी होती.


घाटवाट | सोमवार, रात्री ११:३०

शेवटांचं मान्य आहे, तिथे मी त्याची बाजू घेणार नाही. 'क्रिप्टोनॉमिकॉन'मध्ये जपानी अभियंता गोटो डेंगो बोगदा खणतो ती प्रकरणं आठवा, खडक कसा, पाणी कुठून येणार, माणसं जिवंत बाहेर कशी काढायची, किती सबुरीने लिहिलंय. आणि अखेरची तीस पानं धावत सुटतात.

मात्र लांबीबद्दल या दोन दिवसांत माझं मत आणखी पक्कं झालं. इथे ज्यांना जे लागलं ते सगळं कुणी ना कुणी कात्री लावावी म्हणालं असतं अशाच पानांतलं आहे. सायकल, पत्ते, डुकरं, मोर्स, केक. संपादकाने यातलं नेमकं काय काढलं असतं? शिलेदार आणि पाणकळा यांचे आक्षेपसुद्धा तो जिथे थांबला नाही त्याबद्दलचे आहेत.

कृष्णाकाठ, तुमचा वेळेचा मुद्दा मी बाजूला सारत नाही. अर्ध्या तासात याची सहा-सात पानं होतात, दीडशे रात्री लागतील. विचारायचं होतं की 'अनॅथम' साठेक पानांवर सोडलीत ती नेमकी कुठे?


कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री १०:४०

घड्याळाला चावी देण्याचा विधी चालला होता तिथे. दार अजून उघडलं नव्हतं.

कपाटातून काढली आहे. शब्दवेल्हाळ म्हणाल्या तसं सूची न बघता वाचतेय, आणि मठ शब्द कळल्यापासून अडखळणं बरंच कमी झालं.


कृष्णाकाठ | पुढच्या रविवारी, रात्री १२:०५

दार उघडलं. मठातला एरॅस्मस दहा वर्षांनी गावात आलाय आणि बहिणीला शोधतोय. सासूबाईंना औषध द्यायची वेळ झाली म्हणून उठले, आता परत बसतेय.